दोनचा मुहूर्त

हेलिकॉप्टर उडवल्याबद्दल माझे आजवर तीन-चार सत्कार झाले. शाली घरात आहेत. न उडवल्याबद्दल एकही झाला नाही, आणि खरं सांगायचं तर ह्या कामात माझी जी काही हुशारी आहे ती न उडवण्यातच आहे. उडवायला हात शिकतात, सवयीनं शिकतात. ‘नाही’ म्हणायला शिकताना मात्र मला सगळ्यात जास्त माझ्या घरच्यांनीच सोलून काढलं.

आमचं गाव शाहूवाडी तालुक्यातलं, भाताचं. वडील गवंडी. आम्ही त्यांना आबा म्हणतो. गावातली निम्मी पक्की घरं माझ्या हातची, असं ते सांगतात. निम्मी नसतील, पण बरीच आहेत. त्यातली काही घरं अशी, की बांधून पुरी झाल्यावर आबा त्यांच्या उंबऱ्याच्या आत परत कधी गेले नाहीत. का गेले नाहीत, हे आमच्या वस्तीत कुणी कुणाला समजावून सांगत नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. कोल्हापुरात शाहूपुरीत एका दुकानाच्या माडीवर चौघांत एक खोली घेऊन राहिलो आणि फिजिक्स घेऊन पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालो. हे मी मुद्दाम लिहितोय. पुढं शिष्यवृत्तीवर हेलिकॉप्टरचं लायसन काढलं. भाड्यानं हेलिकॉप्टर देणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली, तेव्हा आबांनी गावात पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, “पोरगं इमान चालवतंय.” मी सांगून दमलो, की आबा, इमान वेगळं, हेलिकॉप्टर वेगळं. ते म्हणाले, “उडतंय न्हवं? मग झालं की.”

आता आमच्या भागात हेलिकॉप्टर म्हणजे काय, तर लग्न. नवरीची पाठवणी हेलिकॉप्टरनं करायची, नाहीतर मिरवणुकीवर वरनं फुलं टाकायची. माझी निम्मी उड्डाणं असलीच. एका वर्षी आमच्याच गावात वरच्या गल्लीतल्या बागायतदारांच्या पोरीची पाठवणी हेलिकॉप्टरनं झाली. ते मशीन दुसऱ्या कंपनीचं होतं, पायलटही दुसरा. त्यांच्या बंगल्याचा पाया आबांनी काढलेला. आबा मांडवात मागं उभे राहून ते सगळं बघत होते. दुसऱ्या दिवशी मला फोन केला.

“आपल्या बारकीला बी इमानातनं लावायची. आणि तूच चालवायचं.”

बारकी म्हणजे माझी बहीण. तिचं लग्न कुरुंदवाडच्या मुलाशी ठरलं होतं. आम्ही जिल्ह्याच्या एका टोकाला, ते दुसऱ्या.

डॉक्टर स्वतःच्या पोराचं पोट फाडायला घेत नाही. आमच्यातही तसंच एक शहाणपण आहे, की घरच्यांसाठी उडू नये. माणूस आभाळ बघायचं सोडून घरच्यांची तोंडं बघायला लागतो. मी आबांना म्हटलं, मशीन आमच्या कंपनीचं घेऊया, पायलट दुसरा देतो.

“मग इमान आणून करायचं काय? इमान त्यांनी बी आणलंतं. त्यांच्याकडं चालवणारा घरचा न्हवता. आपल्याकडं हाय.”

मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, “तुझं घर आहे, तू बघ. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी बुकिंग आहे, मशीन संध्याकाळी कोल्हापुरात पाहिजे.”

मी एकच अट घातली. दुपारी दोनला निघायचं, अडीचच्या पुढं मी उडणार नाही. ही वेळ मी हवेतनं काढली नव्हती. मे महिन्यात आमच्याकडं सकाळी आभाळ स्वच्छ असतं आणि दुपार कलली की वळवाचे ढग उठतात. पन्हाळ्याच्या अंगाला एक पांढरा गड्डा दिसतो आणि बघता बघता त्याचा काळा डोंगर होतो. ढग लांब असतो, पण त्यातनं खाली आपटलेला वारा जमिनीवर पसरत लांबवर येतो. आमचं मशीन लहान, एका इंजिनाचं. ढगात शिरायचं नाही हा नियम, आणि चुकून शिरलो तर बाहेर काढतील अशी साधनंही त्यात नाहीत. वेळ आधीच ठरवायची, कारण ऐनवेळी माणूस स्वतःची समजूत फार छान घालतो. नवरी समोर उभी असली की ढग लहान दिसायला लागतो.

हे मी आबांना फोनवर सांगितलं, समोर बसून सांगितलं, आदल्या दिवशी परत सांगितलं.

“अरं व्हय की! दोन म्हंजे दोन. किती येळा सांगशील?”

वजनंही घेतली. नवरा, नवरी, नवऱ्याची आई आणि पाठराखीण म्हणून आमची मामी. उन्हाळ्यात हवा विरळ होते, मशीनला दम लागतो, म्हणून माणसं तोलून घ्यावी लागतात. मामी काट्यावर चढायला तयार होईना.

“भाच्या, बाईमाणसाला वजन इचारतूस? शिकून पायलट झालास का हमाल?”

“मामी, तुमच्याच जिवासाठी इचारतोय.”

“माझ्या जिवाची काळजी हुती तर तवा माझी पोरगी का केली न्हाईस?”

सगळी हसली, मीही हसलो. तोवर सगळं छान चाललं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी मशीन घेऊन गावावर आलो. धूळ उडू नये म्हणून हायस्कूलच्या मैदानावर पाणी मारून ठेवा, असं मी बजावलं होतं. पाणी मारलं होतं, उत्तम मारलं होतं. पण वस्तीतल्या पोरांनी त्यावर चुन्याच्या कोरड्या फक्कीचा हा एवढा मोठा गोल काढला होता, भोवती पाकळ्या, मध्ये नवरा-नवरीची नावं. खाली येऊ लागलो तशी पंख्याच्या वाऱ्यानं ती फक्की उठली आणि समोर सगळं पांढरं झालं. जमीन दिसेना. मी मशीन वर घेतलं, बाजूला नेलं आणि कडेच्या कातळावर उतरवलं. पोरांची तोंडं पडली. रात्रभर खपली होती बिचारी. एकजण म्हणाला, “वरच्या गल्लीतलं मधोमध उतरलंतं.” तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं, की आज प्रत्येक गोष्ट कुणाशी ताडून बघितली जाणार आहे.

सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी युनिफॉर्ममध्ये होतो. भन्तेजी वेळेवर आले, वंदना झाली, हार घातले, एकच्या आत लग्न लागलंसुद्धा. आमच्यात मुहूर्ताची भानगड नाही. ती आमच्या आजोबांच्या पिढीनं सोडली, आणि ते सोडल्याचा आबांना घर बांधल्यापेक्षा जास्त अभिमान.

मग सत्कार सुरू झाले.

आमच्याकडं लग्नापेक्षा सत्कार मोठा. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, दूध संस्थेचे चेअरमन, माजी चेअरमन, तालुक्याहून आलेले पुढारी, त्यांच्याबरोबर आलेले पण कोण ते कुणालाच माहीत नसलेले दोघं. शाल, नारळ, फोटो, दोन शब्द. एकाचे दोन शब्द चहा निवेपर्यंत चालायचे. पुढच्या ओळीत वरच्या गल्लीतले ते बागायतदारही बसले होते, त्यांचा सत्कार आबांनी स्वतःच्या हातानं केला. दोन वाजले. मी आबांना लांबनं मनगट दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि माईकवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मला वाटलं, आवरतं घ्या म्हणाले असतील.

माईकवर आवाज आला, “आणि आता, आपल्या वस्तीचं नाव आभाळात नेणारे...”

माझा सत्कार. मी हातानं नको नको म्हणत होतो, तेवढ्यात चौघांनी मला धरून वर नेलं. शाल घातली, फेटा बांधला. फेटा बांधणारा निवांत बांधत होता. आबा माझ्याबद्दल बोलायला उभे राहिले. उभ्या आयुष्यात माईक हातात न धरलेला माणूस, तो माझ्या शाळेपासून सुरू झाला. मी स्टेजवर उभा राहून मांडवाच्या कडेतनं दिसणारा आभाळाचा तुकडा बघत होतो. तिथं पांढरं होतं. आबांचं बोलणं संपलं तेव्हा ते खालून काळं पडलेलं होतं.

नवरी जेवून, सगळ्यांच्या गळ्यात पडून, रडून मैदानावर आली तेव्हा तीन कधीच वाजून गेले होते. मी आबांना बाजूला घेतलं.

“आबा, आता न्हाय उडता येणार.”

“का? बिघडलं व्हय?”

“बिघडलं न्हाय. उशीर झाला. तो ढग बघा.”

“ढग तकडं हाय.”

“आपल्याला तकडंच जायचंय.”

आबांनी ढगाकडं बघितलं, मग मैदानावर जमलेल्या गर्दीकडं. झाडांवर चढलेली माणसं, मोबाइल वर धरलेले हात. वरच्या गल्लीतलेही झाडून सगळे आलेले. आबांनी आवाज खाली आणला.

“गेल्या वर्षी त्यांचं बी असल्याच ढगात गेलंतं. त्यो पायलट काय येडा हुता?”

तो पायलट मला नंतर विमानतळावर भेटला होता. त्या दिवशी पन्हाळ्याच्या अलीकडं आपल्याला वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळेना झालं होतं, असं त्यानं मला सांगितलं होतं. सांगताना हसत होता, पण चहाचा कप त्यानं दोन्ही हातांनी धरलेला. हे मी आबांना सांगितलं.

“पण गेला की,” आबा म्हणाले.

ह्या तीन शब्दांना माझ्या सगळ्या शिक्षणात उत्तर नाही. मी त्यानंतर पुष्कळ शोधलं.

मग आबांनी मला एक वाट काढून दिली. “बिघडलंय म्हणून सांग. मशीन हाय, बिघडतंय. कुणाचा काय दोष?”

मला ते जमलं नाही. बिघडलेलं मशीन घेऊन मी सख्ख्या बहिणीला न्यायला आलो, असं मी माझ्या तोंडानं चारशे माणसांत सांगू? ज्या मशीनच्या एकेका बोल्टवरनं मी सकाळी हात फिरवला होता, त्याला खोटं पाडू? आणि एकदा खोटं सांगून सुटलो, की पुढच्या वेळी खरं सांगायची हिंमत कुठनं आणू? मी म्हटलं, “न्हाय आबा. उशीर झाला हेच सांगणार.”

तेव्हा आबा भडकले. मग त्यांना गर्दीचंही भान राहिलं नाही.

“उशीर? कसला उशीर? आपण मुहूर्त सोडून किती वरसं झाली! माझ्या बानं सोडला, मी कवा पंचांग घरात येऊ दिलं न्हाय, आणि तू शिकूनसवरून मला दोनचा मुहूर्त सांगतूस? टळला म्हणं! भटजी झालास व्हय रं?”

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले.

नवऱ्याचे चुलते पुढं आले. मोठा माणूस, सभ्य माणूस, पण त्यांचीही गाठ गावाशी. “पावणं, आमच्याकडं शाळंच्या पटांगणावर सारं कुरुंदवाड गोळा झालंय. ब्यांड हाय. आता काय मोटारीतनं उतरायचं? निदान ह्या गावावरनं एक घिरटी तरी मारा की.”

मी नाही म्हणालो. वारा फिरायला लागला होता. मांडवाच्या झालरी आधी एका बाजूला उडत होत्या, आता दुसऱ्या बाजूला. गर्दी चिकटून उभी, वर तारा, कडेला झाडं. एक घिरटी म्हणजे एक उड्डाण आणि एक उतरणं, आणि उतरेपर्यंत वारा कुठला असेल ते मला माहीत नव्हतं.

बहीण आली. पांढरी साडी, गळ्यात हार, डोळे सुजलेले. “दादा, जाऊया की रं. मला भ्या वाटत न्हाय. तू असल्यावर कशाला वाटंल?”

तिचा विश्वास आणि माझी माया, दोन्हींचं वजन त्या मशीनला झेपणारं नव्हतं. मी मान हलवून नाही म्हटलं. ती हार सावरत मोटारीकडं वळली.

मोटारी निघायच्या वेळी बागायतदार आबांच्या जवळ आले. त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. तोवर त्या माणसानं कधी आबांच्या खांद्यावर हात ठेवलेला मी बघितला नव्हता.

“जाऊ दे रं,” ते म्हणाले. “परत्येकाला जमतंच असं न्हाय.”

आबा हसले. माझ्या डोळ्यांसमोर अजून ते हसू आहे. शिवी खाल्ली असती तर मी विसरलो असतो.

पुढं काय झालं? काही झालं नाही. हेच तर दुखणं. वारा सुटला, धूळ उडाली, मांडवाची एक कनात सुटली, चार टपोरे थेंब पडले. रस्त्यात गारा पडल्या, झाडं मोडली असं कुणीतरी येऊन सांगावं म्हणून मी कान लावून बसलो होतो. कुणी सांगितलं नाही. मी स्वतः एक-दोघांना फोन लावला. “न्हाय बा, वारं सुटलं हुतं नुस्तं,” म्हणाले. तासाभरात आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं. ढग विरून गेला, की दुसरीकडं सरकला, कुणास ठाऊक. मी त्या वाटेनं गेलो असतो तर काय झालं असतं, हे मला कधीही कळणार नाही. टळलेल्या अपघाताचा कुणी पंचनामा करत नाही.

आणि मग मालकांचा फोन. मशीन संध्याकाळी पाहिजे होतं. आभाळ मोकळं, वारा पडलेला, ऊन अजून शिल्लक. न उडायला आता कुठलंच कारण नव्हतं. मी नीट तपासलं, दोनदा तपासलं, आणि निघालो. हायस्कूलच्या मैदानावर भांडी घासणाऱ्या बाया होत्या, मांडव सोडणारी पोरं होती, आणि पायरीवर आबा बसले होते. त्या सगळ्यांच्या देखत मी एकटा, स्वच्छ आभाळात, चार मोकळ्या सीट घेऊन गावावरनं उडून गेलो. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. खाली लोक काय म्हणाले ते नंतर कळलं. “एकट्यानं जायला ढग न्हवता व्हय?”

मालक म्हणाले, “तुझा निर्णय बरोबर होता.” त्यानंतर लग्नाची बुकिंगं ते दुसऱ्याला द्यायला लागले. मी दुसऱ्या कामांवर उडतो, पगार तोच आहे, तक्रार नाही. सुरक्षिततेच्या वर्गात मी हा किस्सा एकदा सांगितला. शिकवणाऱ्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं, बाहेरचा दबाव कसा ओळखावा आणि त्याला कसं तोंड द्यावं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी खाली बसलो. फळ्यावर ‘बाहेरचा’ लिहिलं होतं. माझ्यावरचा दबाव फेटा बांधून माझ्या शेजारी उभा होता आणि माझ्याबद्दल बोलताना त्याचा आवाज कापत होता.

बहिणीला सासरी कुणी काही बोललं नाही, असं ती म्हणते. मी जास्त विचारत नाही.

ह्या वर्षी चुलत्याच्या मुलीचं लग्न निघालं. आबांनी फोन केला. “तू जेवायला ये. इमान सांगितलंय. पायलट दुसरा हाय.”

मी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून, पाहुण्यासारखा. सत्कार झाले, उशीर झाला, पन्हाळ्याच्या अंगाला ढग उठला. त्या दिवसाएवढा मोठा नव्हता, पण मी निघालो नसतो. पायलट माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. मशीनला टेकून तोही तिकडंच बघत होता. मी जवळ गेलो, कोण आहे ते सांगितलं.

“माहीत आहे सर,” तो म्हणाला. “तुमच्यावरनं मला आधीच सांगून ठेवलंय. बुकिंगच्या वेळीच विचारलं, मागच्यासारखं ऐनवेळी करणार नाही ना?”

मी एकदा नाही म्हणालो होतो, ती माझी कमाई. ती कमाई आता ह्या पोराच्या मानेवर बसली होती.

“मी गेलो नसतो,” मी म्हटलं. “अजून तुझ्या हातात आहे. नाही म्हण, मी तुझ्या शेजारी उभा राहतो.”

तो ओशाळल्यासारखा हसला. “तुम्ही शेजारी उभं राहिलात, तर ‘ह्याला त्यांनीच शिकवलं’ म्हणतील. मग मला जास्तच जावं लागेल, सर.”

मी आबांकडंही गेलो. म्हटलं, आबा, अर्धा तास थांबवा. आबा माझ्या खांद्यावरनं पलीकडं बघत म्हणाले, “तू जेव.”

ते उडालं. पोरींनी ओरडून आभाळ डोक्यावर घेतलं, आबांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. मशीन डोंगराच्या कडेनं लहान होत गेलं, वळलं आणि दिसेनासं झालं. पंगत बसली, माझ्या पुढ्यात ताट आलं. मी ताटातलं मीठ बोटानं सारत बसलो. पलीकडं आबा बसले होते, मोबाइल ताटाशेजारी पालथा ठेवून. त्यांनी भात कालवून ठेवला होता, पण खात नव्हते. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

फोन वाजला. आबांनी खरकट्या हातानंच उचलला, ऐकलं, उभे राहिले.

“पोचली!” ते पंगतीला ओरडून म्हणाले. “कायसुदिक झालं न्हाय!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पोरगी माझीसुद्धा बहीणच होती. मग आबा खाली बसले आणि भुकेल्या माणसासारखे जेवायला लागले.